काळ्या शेरडांचा कोट

मी भूगोल शिकवते. दरवर्षी टुंड्रा प्रदेशाचा धडा आला की मी फळ्यावर केसाळ कोट आणि कानटोपी घातलेला एक माणूस काढते आणि पोरांना सांगते, "बघा, तिथली माणसं किती हुशार! दुकान नाही, गिरणी नाही, पण जनावराच्या कातड्याचे कपडे स्वतःच्या हातांनी शिवतात आणि हाडं गोठवणाऱ्या थंडीत मजेत राहतात." हे सांगताना माझा आवाज कौतुकानं भरून येतो. अकरा वर्षं भरून येतोय. यंदा तो धडा मी खाली मान घालून नुसता वाचून दाखवला, फळ्यावर काही काढलं नाही. का, ते सांगते. सांगायला तोंड नाही, तरी सांगते.

माझं माहेर शिरड शहापूरजवळचा एक तांडा. वडील धर्मसिंग, त्यांना मी बापू म्हणते. आई, म्हणजे माझी याडी, जिवनबाई, दोन वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून बापू एकटेच असतात. तीन एकर शेत, त्यात हळद, आणि तेरा शेरडं. मी हिंगोलीत राहते. आधी दुसऱ्या शाळेत होते, गेल्या जूनपासून तिथल्या एका खाजगी शाळेत आहे. शाळेचं नाव सांगत नाही, कारण जे झालं त्यात शाळेचा काडीचाही दोष नाही. मी लमाणी आहे हे मी कुणापासून लपवलेलं नव्हतं. उलट स्टेजवर उभी राहून समाजाचा अभिमान वगैरे विषयावर मी चांगली अर्धा तास बोलू शकते. भाषणाला काय लागतं! फक्त 'आमची शेती' म्हणताना मी आवाज असा लावायची की ऐकणाऱ्याला वीस-पंचवीस एकर आणि दोन सालगडी दिसावेत. तेरा शेरडांचा विषय मी काढत नसे.

दिवाळीनंतर शाळेतल्या आम्ही सहा जणींनी डिसेंबरच्या शेवटी मनालीला जायचं ठरवलं. पुढाकार आमच्या मुख्याध्यापिका अनुसया मॅडमचा. तांड्यावर गेले तेव्हा मी हे बापूंना सांगितलं.

"बर्फात?" बापूंनी हातातली पेंढी खाली ठेवली. "तिथं मानूस पार लाकडावानी व्हत आसंल की."

"स्वेटर आहे ना बापू."

"स्वेटरानं काय व्हतंय? वारं आरपार जातंय त्यातून. म्या देतो तुला करून."

घरी आम्ही आमच्या गोरमाटी बोलीत बोलतो. बापू तर माझ्याशी जन्मात कधी दुसऱ्या भाषेत बोलले नव्हते. वाचणाऱ्याला कळावं म्हणून मी ते इथं मराठीत मांडतेय, एवढं ध्यानात असू द्या.

बापूंचे आजोबा बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहायचे. रानात उघड्यावर मुक्काम, म्हणून हिवाळ्यात अंगावर शेरडाच्या केसाळ कातड्याची बंडी. ती करायची रीत घरात चालत आली ती बापूंपर्यंत. तांड्यात आता दुसऱ्या कुणाला येत नाही, आणि खरं सांगायचं तर कुणाला ती नकोही आहे. बापू मात्र अजून थंडीत तीच बंडी घालून शेरडांच्या मागे जातात, आणि लांबून बघणाऱ्याला कळपात एक शेरडू दोन पायांवर चाललंय असं वाटतं. लहानपणी मी या गोष्टीवर खूप हसायची. याडीसुद्धा हसायची.

बापूंनी जवळा बाजारातल्या जहांगीरचाचांकडून कातडी आणली. जहांगीरचाचा कातड्यांचे जुने व्यापारी. लेकीसाठी आहे म्हटल्यावर त्यांनी म्हणे सगळी थप्पी उलटीपालटी करून सात कातडी काढून दिली, सातही काळीभोर, कुठं पांढरा ठिपका नाही. मग ती खरवडायची, मीठ आणि तुरटी चोळायची, उन्हात ताणायची, हातांनी मळून मऊ करायची. यात बापूंची स्वतःची एक भर असते. ते घरची हळद चोळतात. हळदीनं कीड लागत नाही आणि वासही मरतो, असं त्यांचं म्हणणं. कीड लागत नाही हे खरं आहे.

मध्ये एकदा त्यांचा फोन आला. "मिना, केस आत ठिवू का बाहीर?"

मी पेपर तपासत होते. "काहीही करा हो बापू," म्हणाले आणि फोन ठेवला.

डिसेंबरच्या मध्यावर मी गेले तेव्हा कोट तयार होता. केस बाहेर, गुडघ्यापर्यंत लांब, सोबत कान झाकणारी टोपी. सगळी शिवण दाभणानं, मेण लावलेल्या दोऱ्यानं, टाका टाक्याला लागून. आतून अस्तर होतं ते याडीच्या फेटियाचं. फेटिया म्हणजे आमच्या बायकांचा घागरा. याडीनं तो लग्नाआधी स्वतः भरला होता. टोचू नयेत म्हणून बापूंनी त्यावरचे आरसे एक एक करून काढले होते, नक्षी तशीच ठेवली होती.

"घालून बघ."

मी घातला. मापाला त्यांनी माझा कॉलेजातला जुना ड्रेस घेतला होता. तेव्हाची मी आणि आताची मी यांत सहज दहा किलोंचा फरक आहे. कोट बगलेत आवळत होता.

"बगलंत आवळत तर न्हाई ना?" बापूंनी माझे दोन्ही हात वर करून बघत विचारलं.

"नाही," मी म्हणाले. मला शेवटची बस गाठायची होती. आवळतोय म्हटलं असतं तर ते तिथंच उसवायला बसले असते. आणि दुसरं कारण हे की कोट घालायचा माझा विचारच नव्हता. मी तो बॅगेत तळाशी घातला.

मनालीच्या पहिल्या सकाळी माझा स्वेटर दहा मिनिटांत हरला. दात वाजायला लागले. खोलीत माझ्याबरोबर विज्ञानाच्या दिपा मॅडम होत्या, वयानं माझ्याहून लहान, स्वभावानं गरीब. त्या अंघोळीला गेल्याचं बघून मी बॅगेतून कोट काढला आणि घातला. खरं सांगते, पाच मिनिटांत अंगात ऊब आली, आणि ती नुसती कपड्याची ऊब नव्हती. चुलीपुढं याडीला टेकून बसल्यावर पाठीला जशी लागायची तशी होती. मी बाहेर जाऊन बर्फात उभी राहिले. वरून भुरभुर बर्फ पडत होतं आणि मला थंडी वाजत नव्हती. मी टोपीसुद्धा घातली होती. त्या पंधरा मिनिटांत मला बापूंचा फार अभिमान वाटला. हे लिहून ठेवते, नाही तर कुणी म्हणेल या बाईला काळीजच नव्हतं.

मग नाश्त्याची हाक आली. आत हीटर होता. कोटावरचं बर्फ वितळलं, कातडं भिजलं, आणि शेरडांचा वास उठला. पुजा मॅडमनी नाक उडवून इकडंतिकडं बघितलं. मी घाईघाईनं कोट काढला तर माझ्या पांढऱ्या स्वेटरचा गळा, बगला, मनगटं, सगळं पिवळंधमक. बापूंची हळद अस्तरातून झिरपली होती.

"अगं बाई! मिना मॅडमला हळद लागली!" पुजा मॅडम ओरडल्या.

सगळ्या हसल्या. एकीनं हळदीचं गाणं धरलं. दुसरीनं बशी वाजवली. त्यात वाईट काही नव्हतं, माझ्या जागी दुसरी असती तर तीही हसली असती. अनुसया मॅडम मात्र हसत नव्हत्या. त्यांनी कोट उचलला, उलटा केला, अस्तरावरून हात फिरवला आणि विचारलं, "हे लमाणी काम ना? किती बारीक आहे! कुणी शिवला हो कोट?"

चांगल्या मनानं विचारलं होतं. त्यांच्या तोंडावर शुद्ध कौतुक होतं, अगदी मी टुंड्राबद्दल बोलताना माझ्या तोंडावर असतं तसं. 'माझ्या वडिलांनी,' एवढंच म्हणायचं होतं. पण माझे कान अजून त्या हसण्यानं तापलेले होते.

"आमच्या शेतावर शेरडं राखायला एक म्हातारा आहे," मी म्हणाले. "त्यानं बळंच दिला. गरीब माणूस, मन मोडवेना."

वाक्य इतकं गुळगुळीत निघालं की जणू मी ते वर्षभर पाठ करत होते. वर सगळ्या म्हणाल्या, मिना मॅडम मनानं किती चांगल्या, गड्याचं मन राखायला एवढ्या लांब ओझं आणलं. मी ती स्तुतीही घेतली.

त्यानंतर मी रस्त्यावरच्या दुकानातून भाड्याचा कोट घेतला. तिथं येणारे सगळेच घेतात. पाठीवर रंगानं एकशे बारा नंबर टाकलेला, खोट्या केसांचा, आणि त्याला किती माणसांच्या घामाचा वास होता ते त्या दुकानदारालाच ठाऊक. पण तो वास सगळ्यांच्याच अंगाला येत होता, त्यामुळे कुणी नाक उडवलं नाही. माझे मनालीतले सगळे फोटो त्या एकशे बारा नंबरातले आहेत.

बापूंचा कोट आणि टोपी मी हॉटेलच्या कपाटात टांगली, आणि खोली सोडताना कपाट उघडलं नाही. विसरले नव्हते. कपाटाकडे पाठ करून बॅगेची चेन लावली, ते मला नीट आठवतं.

परत आल्यावर तांड्यावर गेले. बापूंनी पहिला प्रश्न तोच विचारला. "कोट कुठाय?"

"अनुसया मॅडमना इतका आवडला बापू, त्यांनी मागूनच घेतला. आमच्या मोठ्या मॅडम त्या. त्यांना थंडी सोसत नाही." येताना बसमध्ये हे मी जुळवून ठेवलं होतं.

बापू उठून बाहेर गेले, परत आले. त्यांचा चेहरा फुलला होता आणि तो लपवायचा कसा ते त्यांना कळत नव्हतं. "मागून घेतला?" त्यांनी पुन्हा विचारलं. "सोता म्हनल्या, मला द्या?"

"हो."

"शाळंच्या मोठ्या मॅडम?"

"हो म्हटलं ना."

संध्याकाळपर्यंत साऱ्या तांड्याला ही बातमी झाली होती. शेजारच्या रुख्मिणीबाई आल्या आणि म्हणाल्या, "आता ह्यो जमिनीवर चालायचा न्हाई बग." बापू लाजले. एवढा मोठा माणूस लाजताना मी पहिल्यांदा बघितला, आणि मी हसून साजरं केलं. निघताना त्यांनी विचारलं, "मॅडम तुझ्यापरीस थोराड हाईत का गं?"

"चांगल्या थोराड आहेत. का?"

"काई न्हाई. इचारलं."

संक्रांतीनंतर शाळेत हळदीकुंकू होतं. त्या आठवड्यात हिंगोलीत थंडीनं कहर केला होता, पोरं प्रार्थनेला हात बगलेत घालून उभी राहत होती. दुपारच्या सुट्टीत आम्ही सगळ्या काळ्या साड्या नेसून शिक्षकांच्या खोलीत जमलो होतो. वाण वाटणं चाललं होतं. दिपा मॅडम त्या दिवशीच रजेवरून परतल्या होत्या. दिल्लीहून त्या परस्पर माहेरी गेल्या होत्या, आईच्या ऑपरेशनसाठी. आल्या त्या खांद्यावर भली मोठी पिशवी घेऊन, आणि सरळ माझ्याकडे आल्या.

"मिना मॅडम, ओळखा बघू काय आहे!" त्यांनी पिशवीतून कोट आणि टोपी काढली. "कपाटात विसरला होतात तुम्ही! मला खोली सोडताना सगळी कपाटं बघायची सवय आहे, म्हणून सापडला. तुमची बॅग गाडीच्या टपावर गेली होती, म्हणून माझ्याच बॅगेत कोंबला आणि दिल्लीत द्यायचा राहून गेला. म्हटलं, त्या शेरडं राखणाऱ्या म्हाताऱ्यानं एवढा जीव लावून दिलाय, बिचाऱ्याला काय वाटेल!"

त्या स्वतःचं सामान कमी करून तो घेऊन आल्या होत्या. भल्या बाईनं घरी उन्हात वाळवूनसुद्धा ठेवला होता. मी हात पुढे केले आणि त्याच वेळी दाराकडे नजर गेली.

दारात आमचा शिपाई जळबा उभा होता आणि त्याच्या मागे बापू. धुतलेलं धोतर, अंगावर शाल, डोक्यावर कोटाच्या उरलेल्या तुकड्यांची केसाळ टोपी, हातात कापडी पिशवी. बायकांचा कार्यक्रम बघून ते उंबऱ्याबाहेरच थांबले होते. किती वेळ थांबले होते, मला माहीत नाही. पण त्यांची नजर कोटावर होती, म्हणजे पुरेसा वेळ थांबले होते.

"मोठ्या मॅडमला भेटायचं म्हनतेत हे बाबा," जळबा म्हणाला. "कोटाचं काईतरी काम हाय."

खोलीत सगळ्यांनी वळून बघितलं. अनुसया मॅडम खुर्चीतून उठल्या. "या बाबा. मीच. कोण तुम्ही?"

बापूंनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. मी लहानपणी शाळेत चुकले आणि बाईंनी त्यांना बोलावलं तर ते आत येऊन आधी असंच माझ्याकडे बघायचे, काय सांगायचं आणि काय नाही ते माझ्या चेहऱ्यावरून ठरवायला. मी तोंड उघडलं असतं तरी चाललं असतं. नुसतं 'बापू' म्हटलं असतं तरी सगळं मिटलं असतं. मी माझ्या हातातल्या कोटाकडे बघत राहिले.

"म्या मिना मॅडमच्या शेतावरचा," बापू म्हणाले. "शेरडं राखतो त्यांची."

"अरे वा!" अनुसया मॅडमना खरंच आनंद झाला. "म्हणजे हा कोट तुम्हीच केलात? काय हात आहे हो तुमचा!"

"व्हय जी." बापूंनी पिशवी थोडी उघडून दाखवली. आत दाभण, मेणाचा गोळा, दोरा आणि काळ्या कातड्याची लांब पट्टी होती. अनुसया मॅडमचा कोट बगलेत उसवून सैल करून द्यायला ते आले होते. थोराड बाईला तो आवळणार, हे त्यांच्या मनातून गेलं नव्हतं. पट्टी मुद्दाम कमावून आणली होती. "म्हनलं, लहान-मोठा व्हत आसंल तर नीट करून द्यावा," ते म्हणाले.

आणि मग माझ्याकडे वळून, माझ्या बापानं जन्मात पहिल्यांदा मला मराठीत विचारलं, "मॅडम, बगलंत आवळत तर न्हाई ना?"

"नाही," मी म्हणाले.

त्या सगळ्या वेळात मी बोललेला हा एकच शब्द.

जळबानं त्यांना बाहेर पायरीवर बसवलं आणि स्टीलच्या पेल्यात चहा दिला. आम्ही आत कपबशांमधून प्यायलो. खिडकीतून मला त्यांची पाठ दिसत होती. अनुसया मॅडम बाहेर जाऊन त्यांच्या हातावर तिळगूळ ठेवून आल्या, तेव्हा ते उठून उभे राहिले आणि दोन्ही हातांनी घेतला. पेला त्यांनी नळाखाली स्वतः विसळला. जळबा नको नको म्हणत होता. मग ते फाटकातून बाहेर पडले आणि स्टँडच्या दिशेनं गेले.

"भला माणूस आहे," अनुसया मॅडम मला म्हणाल्या. "अशी माणसं मिळत नाहीत आता. सांभाळा हो त्यांना."

मी 'हो' म्हणाले.

त्या रात्री मी बापूंना फोन केला, त्यांनी उचलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मला शरम वाटत होती म्हणणं फार कमी आहे. पाणी पिताना वाटत होती, हजेरी घेताना वाटत होती, स्वतःच्या नावापुढं त्यांचं नाव लिहिताना तर पेन थांबत होता. आणि त्याहून वाईट म्हणजे, शाळेत कुणाला कळलं नाही याचं मनाच्या एका कोपऱ्यात बरंही वाटत होतं. ते बरं वाटणं मला जास्त खात होतं.

रविवारी सकाळी मी कोट घातला, टोपी घातली आणि स्कूटीवर बसले. हिंगोलीपासून तांड्यापर्यंत लोक वळून वळून बघत होते. औंढ्याच्या चौकात दोन पोरं हसली. बघा म्हटलं, हसा. बगलेत कोट इतका आवळत होता की हँडल धरून हात बधिर झाले, पण वारं एवढंसंही आत आलं नाही.

बापू अंगणात शेकोटीपुढं बसले होते. रुख्मिणीबाई होत्या, त्यांचा दीर उत्तमसिंग होता, आणखी दोन-तीन बायका होत्या. मी गाडी लावून पुढं आले. रुख्मिणीबाईंचे डोळे मोठे झाले.

"आँ? ह्यो कोट तर त्या मॅडमनी मागून घेतला व्हता ना?"

मी तोंड उघडायच्या आत बापू म्हणाले, "तो येगळा. ह्यो दुसरा हाय. म्या शिवून दिला तिला परवा."

असं म्हणून त्यांनी शेकोटीत काडी सरकवली. शाळेत माझी अब्रू राखली, आता तांड्यातही राखत होते. मी तशीच गप्प राहिले असते तर तेही खपलं असतं. त्यांची तयारी होती.

"दुसरा नाही," मी म्हणाले. "तोच आहे. मॅडमनी मागितला नव्हता. मला लाज वाटली म्हणून मी तो तिकडंच टाकून आले होते. आणि शाळेत सांगितलं, हा आमच्या शेरडं राखणाऱ्या म्हाताऱ्यानं दिला. बापू आले तर त्यांच्या तोंडावरसुद्धा मी गप्प बसले."

शेरडं तेवढी ओरडत होती. उत्तमसिंगनं मान फिरवली. बापूंनी डोकं इतकं खाली घातलं की मला फक्त त्यांच्या टोपीचे केस दिसत होते, आणि तेव्हा मला कळलं की मोकळी मी झाले होते, पण चार माणसांत मान त्यांची खाली गेली होती. तांड्याला ते मोठ्या मॅडमची गोष्ट किती वेळा सांगून बसले होते, कोण जाणे.

शेवटी रुख्मिणीबाई बोलल्या. "शेरडं तर राखतोच की ह्यो. त्यात काय खोटं बोललीस?" मग, न हसता, "आन् शाळंत? तिथं सांगितलंस का बाप कोन ते?"

"नाही."

"काहून?"

"उद्या सांगते," मी म्हणाले.

रुख्मिणीबाई उठल्या, बाकीच्याही उठल्या. अंगणात आम्ही दोघंच राहिलो. बापू उठले, माझ्याजवळ आले आणि माझा हात धरून वर केला. बगलेतली शिवण ताणून पांढरी पडली होती, एक टाका तुटला होता.

"काढ," ते म्हणाले. आमच्या बोलीत म्हणाले.

मी कोट काढला. ते शेकोटीपाशी बसले, कोट मांडीवर उलटा घेतला, तसा याडीचा फेटिया वर आला. घरातून ती कापडी पिशवी आणली होती, शाळेतून परत आलेली. दाभणाच्या टोकानं ते एक एक टाका उसवत गेले. मी समोर उभी होते, अंगात नुसता ड्रेस, थंडीनं कुडकुडत.

"पहिल्या दिशी इचारलं व्हतं म्या तुला," बापू वर न बघता म्हणाले. "आवळत व्हतं तर तवाच सांगायचं, पोरी."

"व्हय, बापू," मी म्हणाले.

त्यांनी काळ्या कातड्याची पट्टी काढली, बगलेला लावून बघितली. बरोबर बसली.